बिशप आजारी पडले की धर्मप्रांताचा कारभार कोण बघतं?

आगाशीची_लेक

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहायला बसलेच.

२०२५च्या फेब्रुवारीत, १४ तारखेला, पोप फ्रान्सिस यांना रोमच्या जेमेली हॉस्पिटलात दाखल केलं आणि २३ मार्चला घरी सोडलं. वय ८८, दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया. त्या अडतीस दिवसांत आमच्याकडे सकाळचा चहा झाला की नवरा मोबाईलवरून वाचून दाखवायचा, रात्र शांत गेली की नाही ते. संध्याकाळी डॉक्टरांचं निवेदन असायचं. रक्त दिलं, ऑक्सिजन किती लागतोय, मूत्रपिंडावर थोडा परिणाम दिसतोय, सगळं उघड. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या, पण त्या महिन्यात त्यांनाही रोमच्या एका खाटेवरच्या माणसाचा ताप आणि धाप रोज कळत होती. गुडघे टेकून प्रार्थना करताना त्या नेमकी प्रार्थना करायच्या: "आज त्यांना नीट झोप लागू दे."

ते ऐकताना मला माझ्या धाकट्या बहिणीचं सासर आठवायचं. ते दुसऱ्या धर्मप्रांतात, म्हणजे दुसऱ्या बिशपांच्या अखत्यारीतल्या भागात आहे. कुठल्या, ते लिहीत नाही, कृपया कोणी अंदाजही बांधू नका. काही वर्षांपूर्वी तिथल्या बिशपांना पक्षाघाताचा झटका आला. म्हणजे तसं नंतर कळलं. त्या वेळी दर रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, फक्त एक वाक्य असायचं, "आपल्या बिशपांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करूया." काय झालंय, कुठे आहेत, बोलू शकतात का, काही नाही. मग जे व्हायचं तेच झालं. व्हॉट्सॲपवर कोणी म्हणे कोमात आहेत, कोणी म्हणे राजीनामा दिला, कोणी म्हणे रोमने काढलं. एकाने तर श्रद्धांजलीचा फोटोच फिरवला, आणि बिशप हयात होते!

त्याच वर्षी माझ्या भाचीचं दृढीकरण होतं, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर तेल लावून श्रद्धा पक्की करायचा संस्कार, जो सहसा बिशप देतात. तारीख तीनदा पुढे गेली. बहिणीने पांढरा फ्रॉक शिवून घेतला होता. दुसऱ्या वेळेला त्याची खालची दुमड उसवून दोन बोटं कापड सोडलं, तिसऱ्या वेळेला सोडायला कापडच उरलं नाही, तेव्हा खाली लेस लावली. त्या फ्रॉकवर जुन्या दुमडीची रेघ इस्त्री करूनही जात नव्हती. शेवटी एक दिवस व्हिकार जनरल, म्हणजे कारभारात बिशपांना मदत करणारे धर्मगुरू, आले आणि चाळीस-पन्नास मुलांना दृढीकरण देऊन गेले. भाचीने विचारलं, "बिशप नाहीत तर हे चालतं का? माझं झालं ना खरं?" बहिणीला उत्तर देता आलं नाही. मलाही नाही.

मी आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, पॅरिश कौन्सिलवर आहे, तरी मला नीट माहिती नाही म्हणून विचारते. बिशप अंथरुणाला खिळले तर सही कोण करतं? निर्णय कोण घेतं? आणि मुख्य म्हणजे, लोकांना सांगायचं कोणी आणि किती? माझं मत आहे की सांगायलाच हवं, मोकळेपणाने. ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा.

जुना_माहीमकर

लेकी, चांगला विषय काढलास. आमच्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिलंय.

कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस. जन्म १९०० सालचा, कराचीचा, आईवडील गोव्याकडचे. १९५० मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारतातले पहिले कार्डिनल. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईत आले, ते कॅथलिकांच्या जागतिक युखरिस्त परिषदेला, तेव्हा यजमान हेच. वसईतलं कार्डिनल ग्रेशस हॉस्पिटल आहे ना, ते त्यांच्याच नावाचं. शरीराने धिप्पाड, आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा.

त्यांना कॅन्सर झाला. पण तेव्हा रोमने एक शहाणपणाचं पाऊल उचललं. १९७७ मध्ये सायमन पिमेंटा यांना कोअ‍ॅडज्युटर आर्चबिशप नेमलं. पिमेंटा मरोळचे, १९७१ पासून मुंबईचे सहायक बिशप होतेच. कोअ‍ॅडज्युटर म्हणजे नुसता मदतनीस नव्हे, वारसाहक्कासह मदतनीस. मुख्य बिशपांची जागा ज्या क्षणी रिकामी होते त्या क्षणी तो आपोआप गादीवर येतो, मध्ये एक दिवसाची पोकळी नाही.

१९७८च्या ऑगस्टमध्ये पोप सहावे पॉल गेले. नव्या पोपच्या निवडणुकीला सगळे कार्डिनल रोमला निघाले, आमचे कार्डिनल जाऊ शकले नाहीत. आजारपणामुळे. मी तेव्हा सोळा वर्षांचा, माहीमला आल्तारावर सेवा करायचो. आमचे फादर मिस्सेनंतर म्हणाले होते, "आपल्या कार्डिनलांचं मत यावेळी प्रार्थनेतून जाईल." हे वाक्य मी विसरलो नाही. ११ सप्टेंबर १९७८ ला ते गेले. त्याच दिवशी पिमेंटा मुंबईचे आर्चबिशप. माझे वडील कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलला जाऊन आले आणि घरी येऊन आईला म्हणाले, "घर उघडं पडलं नाही." एवढंच म्हणाले.

पिमेंटा पुढे १९८८ मध्ये कार्डिनल झाले, १९९६ मध्ये निवृत्त झाले आणि २०१३ मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी गेले.

फुलवेल

जुना_माहीमकर काका, वाचताना अंगावर काटा आला. असंच लिहीत जा.

सनदवाला

ताई, मी वकील आहे आणि चर्चचा कायदा, म्हणजे १९८३ची कॅनन लॉची संहिता, हा माझ्या अभ्यासाचा विषय. जमेल तितकं साध्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट, दोन परिस्थिती वेगळ्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. बिशपांची जागा "रिकामी" होणं वेगळं आणि बिशप "अडलेले" असणं वेगळं.

जागा रिकामी होते ती चारच कारणांनी: मृत्यू, पोपने स्वीकारलेला राजीनामा, बदली किंवा पदच्युती. आजारपण या यादीत नाही. बिशप कितीही आजारी असले तरी ते बिशप असतातच. त्यामुळे "रोमने काढलं" ही तुमच्या बहिणीकडची अफवा बहुधा अज्ञानातूनच आली असणार.

"अडलेले" बिशप म्हणजे कलम ४१२. तुरुंगवास, हद्दपारी किंवा असमर्थता यांमुळे बिशप आपल्या लोकांशी पत्रानेसुद्धा संपर्क ठेवू शकत नाहीत, अशी अवस्था. "पत्रानेसुद्धा" हे शब्द महत्त्वाचे. म्हणजे व्हीलचेअरवर आहेत, डायलिसिसवर आहेत, पण कळतंय आणि कळवता येतंय, तर ते अडलेले नाहीत. व्हिकार जनरल त्यांच्या नावाने रोजचा कारभार चालवतात, मोठे निर्णय बिशप स्वतः घेतात. पण शुद्ध हरपली, वाचा आणि समज दोन्ही गेली, तर कलम ४१३ लागू होतं.

हे कलम फार कमी लोकांना ठाऊक असतं. त्यानुसार प्रत्येक बिशपाने पदावर आल्यावर लवकरात लवकर एक यादी करायची असते: मी अडलो तर कारभार कोणी, या क्रमाने, बघायचा. सहायक बिशप, व्हिकार जनरल, आणखी कोणी धर्मगुरू. ही यादी आर्चबिशपांना कळवायची, निदान दर तीन वर्षांनी नव्याने करायची आणि चान्सलरने, म्हणजे धर्मप्रांताची कागदपत्रं सांभाळणाऱ्याने, ती गुप्त ठेवायची. कोअ‍ॅडज्युटर असेल तर यादीचा प्रश्नच येत नाही, तोच बघतो. यादीच नसेल तर सल्लागार मंडळाने एक धर्मगुरू निवडायचा. हे मंडळ सहा ते बारा धर्मगुरूंचं असतं आणि बिशपांनी ते आधीच नेमलेलं असतं.

म्हणजे व्यवस्था आहे. कच्चा दुवा वेगळाच आहे. बिशप आता अडलेले आहेत हे ठरवायचं कोणी आणि कोणत्या डॉक्टरच्या दाखल्यावर, ते कलमात लिहिलेलं नाही. चांगुलपणावर सोडलंय. आजूबाजूचे धर्मगुरू प्रेमापोटी म्हणत राहतात, "बरे होतील, थोडे दिवस थांबूया." त्या थोड्या दिवसांचं वर्ष होतं. पोप पाहिजे तर मध्येच अपोस्तोलिक प्रशासक, म्हणजे थेट पोपच्या वतीने कारभार बघणारा माणूस, नेमू शकतात, पण त्यासाठी कोणीतरी दिल्लीतल्या पोपच्या राजदूतांना, म्हणजे नुन्शिओंना, खरी परिस्थिती कळवावी लागते.

आता तुमच्या भाचीचं. दृढीकरण द्यायचा मूळ अधिकार बिशपांचा, पण गरज असेल तर ते धर्मगुरूला तो अधिकार देऊ शकतात. व्हिकार जनरलांनी तसा अधिकार घेऊन दिलं असेल तर ते शंभर टक्के वैध. तिला सांगा, तुझं झालं. खरं झालं.

आगाशीची_लेक

सनदवाला, तुमचे आभार कसे मानू? हा शेवटचा परिच्छेद तसाच्या तसा बहिणीला पाठवला. तिने भाचीला मोठ्याने वाचून दाखवला. भाची आता अकरावीत आहे.

अमरावतीची_माणसं

वसई-मुंबईकडच्या लोकांना राग येऊ नये, पण तुमच्याकडे धर्मगुरूंची कमतरता नाही, सहायक बिशप आहेत, माध्यमं आहेत. आमच्या विदर्भाचं बघा.

१९ एप्रिल २०१८. नागपूरचे आर्चबिशप अब्राहम विरुथकुलंगरा दिल्लीला गेले होते, तिथेच त्यांचं निधन झालं. वय ७४. आदल्या आठवड्यात ज्यांच्याशी बोलले होते त्यांना बातमी खरी वाटेना. वीस वर्षं नागपूरला होते, त्याआधी वीसेक वर्षं खांडव्याला. बातमी आली तेव्हा मी सदरच्या कॅथेड्रलजवळ होतो. दुपारचं ऊन, एप्रिलचं नागपूर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि कॅथेड्रलच्या दारात लोक नुसते उभे. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

नवीन आर्चबिशप जाहीर झाले ३ डिसेंबर २०१८ ला. साडेसात महिने. आता खरा मुद्दा ऐका. नवीन कोण आले? इलायस गोन्साल्विस, मूळचे वसईकर, पण त्या वेळी आमचे अमरावतीचे बिशप! म्हणजे नागपूरचं घर भरलं आणि अमरावतीचं ओस पडलं.

ही एकदाच घडलेली गोष्ट असती तर बोललो नसतो. मागे जाऊन बघा. २००९ मध्ये वसईचे बिशप थॉमस डाबरे पुण्याला गेले. वसई रिकामी, म्हणून नाशिकचे फेलिक्स मच्याडो वसईला. नाशिक रिकामं, म्हणून २०१० मध्ये आमचे अमरावतीचे लूर्ड्स डॅनियल नाशिकला. आणि अमरावती? २०१२ पर्यंत थांबली. पुण्यात हललेल्या खुर्चीचा शेवटचा धक्का मेळघाटच्या पायथ्याला बसतो. सगळ्यात लहान, सगळ्यात गरीब धर्मप्रांत सगळ्यात जास्त काळ बिनबिशपाचा राहतो.

मी कुठल्याही बिशपांना दोष देत नाही. पाठवलं तिथे ते जातात. पण आजारपण किंवा मृत्यू एका ठिकाणी होतो आणि त्याची किंमत दुसरंच कोणीतरी मोजतं, हे बोललं पाहिजे.

सनदवाला

हा मुद्दा फार मोलाचा आहे आणि त्याला कायद्याची एक बाजू आहे ती जोडतो.

जागा रिकामी झाली की आठ दिवसांत सल्लागार मंडळाने धर्मप्रांताचा प्रशासक निवडायचा असतो. तो निदान ३५ वर्षांचा धर्मगुरू हवा, आणि धर्मप्रांताचा खजिनदार आणि प्रशासक एकच माणूस असू शकत नाही. हिशेब आणि हुकूम वेगळ्या हातांत राहावेत म्हणून. व्हिकार जनरलांचा अधिकार मात्र जागा रिकामी होताच संपतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आणि एक जुना दंडक: गादी रिकामी असताना काही नवं करायचं नाही. प्रशासक हा राखणदार आहे. एखाद्या धर्मग्रामाला नवीन प्रमुख धर्मगुरू नेमायचा अधिकारसुद्धा त्याला जागा वर्षभर रिकामी राहिल्यावरच मिळतो. तोवर तात्पुरती सोय लावायची. साडेसात महिन्यांसाठी हा नियम उत्तम आहे. दीड-दोन वर्षांसाठी तोच नियम जड होतो. नवी शाळा, नवं वसतिगृह, जमिनीचा वाद, सगळं "नवीन बिशप आले की बघू" या फायलीत जातं.

अमरावतीची_माणसं

"नवीन बिशप आले की बघू." हे वाक्य आम्ही पाठ केलंय.

प्रज्ञा_पुणे

मी ख्रिस्ती नाही, पण शाळा कॉन्व्हेंटची. वाचता वाचता एक प्रश्न पडला. सहीचं, बदलीचं, पैशाचं समजलं. ते कुठल्याही संस्थेत असतं. पण असं काही आहे का जे बिशपांशिवाय होऊच शकत नाही? म्हणजे ज्याला पर्यायच नाही असं?

आगाशीची_लेक

प्रज्ञाताई, आहे. दोन गोष्टी. एक, नवीन धर्मगुरूंची गुरुदीक्षा. ती फक्त बिशपच देऊ शकतात, कारण त्यात हात डोक्यावर ठेवून अधिकार पुढे द्यायचा असतो. आणि दुसरी म्हणजे तेल.

जरा सविस्तर सांगते, कारण हे मी दरवर्षी बघते. पवित्र सप्ताहात, इस्टरच्या आधी, वसईतल्या पापडीच्या कॅथेड्रलमध्ये सगळ्या धर्मप्रांताचे धर्मगुरू जमतात. आल्ताराजवळ तीन मोठी भांडी असतात, तिन्हींत तेल. एक रुग्णांसाठी, एक बाप्तिस्मा घेणाऱ्यांसाठी आणि तिसरं क्रिझम. क्रिझममध्ये बिशप सुगंधी बाल्सम मिसळतात, भांड्याच्या तोंडावर वाकून त्यावर फुंकर घालतात आणि मग आशीर्वाद म्हणतात. त्या फुंकरीच्या वेळी एवढी मोठी गर्दी एकदम चिडीचूप होते. नंतर प्रत्येक धर्मग्रामाचे फादर आपापल्या लहान बाटल्या भरून नेतात. वर्षभर आमच्या गावात जन्मलेलं प्रत्येक बाळ, दृढीकरण घेणारं प्रत्येक मूल त्याच तेलाने अभिषिक्त होतं. डहाणू-तलासरीच्या पाड्यावरचं बाळ आणि माझ्या शेजारणीचं बाळ, दोघांच्या माथ्याला एकाच भांड्यातलं तेल.

रुग्णांचं तेल अडचणीच्या वेळी साधे धर्मगुरूही आशीर्वादित करू शकतात. क्रिझम नाही. ते बिशपांनीच करायचं. आपले आजारी असतील तर दुसऱ्या धर्मप्रांताच्या बिशपांना बोलवावं लागतं. म्हणून बिशपांचं आजारपण आम्हाला ऑफिसातल्या साहेबाच्या रजेसारखं वाटत नाही.

आणि अजून एक. रोजच्या मिस्सेत मुख्य प्रार्थनेत पोपांचं आणि आपल्या बिशपांचं नाव घेतलं जातं. जागा रिकामी झाली की ते नाव गाळतात. २००९ मध्ये वसईची जागा काही महिने रिकामी होती तेव्हा आमचे फादर त्या जागी किंचित थांबायचे, सवयीने. त्या थांबण्याने मला जेवढं कळलं तेवढं कुठल्याच परिपत्रकाने कळलं नव्हतं.

प्रज्ञा_पुणे

धन्यवाद. "एकाच भांड्यातलं तेल" हे लक्षात राहील.

मेट्रन_निवृत्त

मी थोडं वेगळं बोलणार आहे.

छत्तीस वर्षं नर्सिंग केलं. अनेक धर्मगुरू आणि सिस्टरांची शुश्रूषा केली, एका बिशपांचीही, शेवटचे पाच महिने. ते आता नाहीत, नाव सांगणार नाही. आगाशीची_लेक, तुझी कळकळ समजते. पण "मोकळेपणाने सांगा" म्हणताना खाटेवरच्या माणसाचा विचार कर. ज्या हातांनी शेकडो मुलांच्या कपाळावर तेल लावलं तो हात थरथरतोय, जेवण भरवावं लागतंय, लघवीची पिशवी लावलीय. हे सगळ्या धर्मग्रामांच्या ग्रुपवर जायला हवं का? बिशप झाला म्हणून माणसाची लाज संपते का?

माझ्या बिशपांनी मला एकदा विचारलं होतं, "सिस्टर, मी आज किती वेळा तोच प्रश्न विचारला?" मी खोटं बोलले, "एकदाच." त्यांना कळलं. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सेक्रेटरी फादरांना बोलावून पत्राचा मजकूर सांगायला घेतला. मध्येच शब्द विसरायचे, फादर थांबायचे, मी खिडकीकडे बघायचे. दोन ओळींच्या पत्राला तासभर लागला. ते राजीनाम्याचं पत्र होतं. कोणी मागितलं नव्हतं. सहीला तीन कागद लागले.

आगाशीची_लेक

सिस्टर, तुमचं वाचून अर्धा तास काही सुचलं नाही.

तुमचं बरोबर आहे. पिशवी, भरवणं, थरथर, हे कोणालाच सांगायचं नाही. मला ते नकोच आहे. मला हवंय ते एवढंच: "आपल्या बिशपांना पक्षाघात झाला आहे. त्यांना सध्या कारभार बघता येत नाही. अमुक फादर कारभार बघत आहेत. दृढीकरण ठरल्याप्रमाणे होईल." चार वाक्यं. यात त्यांची लाज जात नाही. उलट हे न सांगितल्यामुळे त्यांच्या जिवंतपणी श्रद्धांजलीचा फोटो फिरला. त्यांचा मान त्या गप्पपणाने राखला गेला का?

मेट्रन_निवृत्त

या चार वाक्यांना माझी हरकत नाही. त्यांतलं पहिलं मात्र त्यांना विचारून, ते सांगण्याच्या अवस्थेत असतील तर. नसतील तर त्यांच्या भावाबहिणींना विचारून. बिशपांनाही भावंडं असतात, हे लोक विसरतात.

आगाशीची_लेक

मान्य. मनापासून मान्य.

ट्रस्टचा_हिशेबनीस

सनदवाल्यांनी चर्चचा कायदा सांगितला. मी सरकारी बाजू सांगतो, कारण खरं अडतं ते तिथे.

ज्या संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यांच्यात विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, ९० दिवसांच्या आत, १९५०च्या कायद्याच्या कलम २२ खाली. बँकेत सही करणारा बदलायचा तर बँक ठराव मागते. ठराव करायला सभा हवी, सभेला अध्यक्ष हवा, आणि अध्यक्ष बिशप स्वतः असतील तर? ते अतिदक्षता विभागात. चर्चच्या कायद्याने कारभार व्हिकार जनरलांकडे गेला असेल, पण बँकेच्या काउंटरवरच्या माणसाला कलम ४१३ ठाऊक नसतं. त्याच्यापुढे नमुना सही आहे, ती जुळली पाहिजे.

एका ठिकाणी (नाव नको) विनाअनुदानित शाळेतल्या शिपाई आणि सफाई कामगारांचे दोन महिन्यांचे पगार याच कारणाने लांबले. पैसे खात्यात होते. सही नव्हती. एक बाई रोज दुपारी ऑफिसच्या दारात यायची आणि काही न विचारता परत जायची. तिला "बिशप आजारी आहेत" एवढंच ठाऊक होतं. ती त्यांच्यासाठी मेणबत्ती लावायची आणि घरी उसनवारी करायची.

उपाय अवघड नाही. दोनऐवजी तीन सह्यांची नोंद ठेवा, त्यांतल्या कुठल्याही दोन चालतील अशी. बिशप धडधाकट असतानाच करा. मी जिथे जिथे हिशेब बघतो तिथे हे पहिलं सांगतो. काही जण ऐकतात. काहींना ते अभद्र वाटतं, जणू मी त्यांच्या आजारपणाची वाट बघतोय.

जुना_माहीमकर

अभद्र कसलं! पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्येच, निवडून आल्यावर लवकरच, राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलं होतं. आजारपणामुळे कारभार अशक्य झाला तर वापरा म्हणून, आणि ते कार्डिनल बेर्तोने यांच्याकडे दिलं होतं. २०२२ मध्ये मुलाखतीत त्यांनी स्वतः सांगितलं. त्याआधी सोळावे बेनेडिक्ट तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपली ताकद उरली नाही असं सांगून पायउतार झाले. आणि त्यांच्याआधी दुसरे जॉन पॉल पार्किन्सनने वाकलेले, शेवटी आवाज गेलेला, तरी २ एप्रिल २००५ पर्यंत पदावर. तिघांचे तीन मार्ग. मला तिघांबद्दलही आदर आहे, पण यादी करून ठेवणारा माणूस मला जास्त जवळचा वाटतो.

फुलवेल

माझे आजोबा म्हणायचे, दुसरे जॉन पॉल खिडकीत आले, तोंड उघडलं आणि शब्द फुटला नाही, तेव्हा त्यांनी जेवढं शिकवलं तेवढं जगभरच्या चर्चला लिहिलेल्या त्यांच्या चौदा पत्रांनी नाही शिकवलं. आजोबा स्वतः तेव्हा अंथरुणाला होते. त्यांना त्या खिडकीतल्या माणसाने आधार दिला. म्हणून काका, राजीनामाच एक खरा मार्ग असं मला वाटत नाही.

जुना_माहीमकर

फुलवेल, तुझ्या आजोबांपुढे मी काय बोलणार? ते साक्षीदार. पण बघ, पोपांच्या भोवती कारभार चालवायला मोठं यंत्र असतं. एखाद्या धर्मप्रांतात बिशप, एक व्हिकार जनरल, एक चान्सलर आणि पावसाळ्यात गळणारं ऑफिस. तिथे मूक साक्ष देताना खाली शाळा थांबते. ट्रस्टच्या हिशेबनिसांनी सांगितलेली ती बाई आठव.

सनदवाला

कायद्याचा कलही काकांच्या बाजूला आहे. कलम ४०१चे दोन भाग आहेत. पहिला सगळ्यांना ठाऊक आहे: ७५ पूर्ण झाली की बिशपांनी राजीनामा सादर करायचा. पोप लगेच स्वीकारतीलच असं नाही. कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस २४ डिसेंबर २०१९ ला ७५ झाले आणि जानेवारी २०२५ पर्यंत मुंबईचे आर्चबिशप राहिले, म्हणजे ऐंशी उलटल्यावर एक महिना. बिशप डाबरे २०२० मध्ये ७५ झाले, पुण्यातून निवृत्त झाले २०२३ मध्ये.

दुसरा भाग कमी वाचला जातो. प्रकृतीमुळे किंवा इतर गंभीर कारणामुळे काम नीट होत नसेल तर वय कितीही असो, बिशपांनी राजीनामा द्यावा अशी कळकळीची विनंती त्यात आहे. हुकूम नाही, विनंती. मेट्रन ताईंच्या बिशपांनी तेच केलं.

मुंबईने मात्र २०२४ मध्ये पुन्हा १९७७चीच वाट धरली. ३० नोव्हेंबरला बिशप जॉन रॉड्रिग्ज यांना कोअ‍ॅडज्युटर नेमलं आणि २५ जानेवारी २०२५ ला ते आर्चबिशप झाले. एकही दिवस पोकळी नाही.

अमरावतीची_माणसं

आणि ते त्याआधी कुठे होते? पुण्याला बिशप. २०२३ मध्येच आले होते. म्हणजे तेव्हा पुण्याची गादी पुन्हा रिकामी झाली. सनदवाला साहेब, मुंबईत पोकळी राहिली नाही कारण ती पुण्याकडे सरकली.

सनदवाला

खरं आहे. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

केळीची_वाडी

मी निर्मळ भागातला शेतकरी. एवढं शिकलेलं बोलता येत नाही. फक्त एक सांगतो. आमच्याकडे एकदा एक बिशप दृढीकरणाला आले होते तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. उभं राहता येत नव्हतं. आल्तारासमोर साधी लाकडी खुर्ची ठेवली, वर्गातली असते तसली. त्यावर बसून त्यांनी सगळ्या मुलांना तेल लावलं. मुलं उंच, बिशप खाली, म्हणून मुलांना वाकावं लागत होतं. माझा मुलगा वाकला तेव्हा बिशपांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. घरी येऊन विचारलं तर म्हणाला, "ते म्हणाले, माझे पाय दुखतात, माझ्यासाठी प्रार्थना कर." तो आता सत्तावीस वर्षांचा आहे, गल्फमध्ये आहे. अजून करतो.

मेट्रन_निवृत्त

दादा, मी म्हणत होते ते आणि लेक म्हणत होती ते, दोन्ही तुमच्या या खुर्चीत आलं.

आगाशीची_लेक

सगळ्यांचे आभार. एक बातमी देते.

काल आमच्या पॅरिश कौन्सिलची सभा होती. ट्रस्टच्या हिशेबनिसांचा तीन सह्यांचा मुद्दा मी मांडला, आमच्या धर्मग्रामापुरता. फादर म्हणाले, "माझ्यासाठीही हे हवंच. मला मधुमेह आहे." त्यांनी ते पहिल्यांदाच सगळ्यांसमोर सांगितलं. ठराव झाला. सूचक मी, अनुमोदक आमच्या गायन मंडळातल्या एक मावशी.

आणि भाचीचा फ्रॉक. बहिणीने तो पेटीतून काढून फोटो पाठवला. जुन्या दुमडीची रेघ अजून तशीच आहे, लेसच्या वर दोन बोटांवर.